आक्काच्या सॅकमधला हिरवा खण

आमच्या शाळेत आक्काताई जाधव नावाच्या खेळाच्या बाई होत्या. आता हे 'बाई होत्या' मी लिहिण्यापुरतं लिहिलं. मी तिला उभ्या जन्मात अहो-जाहो केलं नाही आणि तिनं मला 'नले'खेरीज दुसरी हाक मारली नाही. मी मराठी शिकवायची, ती मैदान सांभाळायची. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, साडी घोट्याच्या वर खोचलेली. आवाज एवढा की कवायत आमच्या पोरींची चालू असायची आणि 'सावधान' शेजारच्या शाळेतली पोरं व्हायची. माहेर मलकापूरच्या बाजूचं. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, पण शाळेच्या पायरीवर आलं की आम्ही बाकीच्या जणी जीभ सरळ करून 'येते, जाते' करायचो. आक्का हेडमास्तरांसमोरही "मी जातो मैदानावर, तुमची मीटिंग चालू द्या," म्हणायची आणि खरंच जायची.

तिचा नवरा रत्नागिरी रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हा त्यांची एकुलती एक लेक अश्विनी बालवाडीत होती. त्याबद्दल आक्का कधी बोलली नाही. कुणी हळहळायला लागलं की ती विचारायची, "च्या टाकू का?" आणि विषय संपायचा. मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. मी एकदा म्हणलं, "आक्का, एकदा मोकळी रड की गं." तर म्हणाली, "रडीन की. पोरींची लांब उडी हुंदे, मग बघतो."

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्याजणींना दिसायची. संक्रांतीला स्टाफरूममध्ये हळदीकुंकू व्हायचं. आक्का सकाळी लवकर येऊन सतरंज्या अंथरायची, वाणाच्या पिशव्या लावायची, अत्तरदाणी घासून ठेवायची. आणि पहिली सवाशीण आत आली की ही मैदानावर पसार. भर उन्हात, एक पोरगी मैदानावर नसताना, चुन्याची फक्की घेऊन धावपट्टीच्या रेघा मारत बसायची. आम्ही बोलवायला गेलो की म्हणायची, "रेघा वाळाय पायजेत, तुम्ही व्हा फुडं." फक्कीच्या रेघांना वाळायला काय लागतं? पण कोण काय बोलणार. आम्ही बोलवत होतो, ती येत नव्हती, आणि का येत नव्हती ते दोन्हीकडं ठाऊक होतं.

रिटायर झाल्यावर ती एका यात्रा कंपनीबरोबर जावा बेटावर गेली. परत आल्यावर घरी बॅगसुद्धा उघडली नसेल, सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली.

"नले, तिकडं एक जुनं देऊळ हाय. आत काळोखात आपली महिषासुरमर्दिनी हुबी हाय, रेड्यावर पाय दिऊन. हुबेहूब आपली. आणि कपाळाला कुकू न्हाय. लोक येत्यात, फोटो काढत्यात, जात्यात. तिची ओटी कवा कुणी भरली आसंल सांग मला."

"मग तू काय केलंस?"

"भरली की."

"अगं कशानं?"

"नवा रुमाल हुता. विमानात शेंगदाण्याची पुडी दिलती. आचाऱ्याकडनं मूठभर तांदूळ मागून घेतलं. गाईड म्हणला, मॅडम, चलो चलो. म्हणलं पावणं, जरा कळ काढा."

मी हसायला तोंड उघडलं आणि तिच्याकडं बघून मिटलं. हातातला कप तिनं खाली ठेवला होता. मग तिनं मला एक जुनी गोष्ट सांगितली, जी तोवर मला माहीत नव्हती. नवरा गेल्यावर काही वर्षांनी नवरात्रात ती खण-नारळ घेऊन आंबाबाईच्या देवळात ओळीत उभी राहिली होती. मागं ओळखीची एक शेजारीण होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आक्का, तू?" तेवढ्यावर आक्कानं हातातला नारळ त्याच शेजारणीच्या ताटात ठेवला आणि दक्षिण दरवाजानं बाहेर पडली.

"पुजारी काय म्हणला नसता," आक्का म्हणाली. "देवी तर न्हाईच न्हाई. पण ते 'तू?' हाय न्हवं, ते अजून कानात हाय. तिकडं मला कोण वळखतंय, नले?"

झालं. यात्रा कंपनी सुटली आणि सॅक आली. कॉलेजातली पोरं गडांवर नेतात तसली, कमरेला पट्टा असलेली, निळ्या रंगाची. आक्का एकटी लंकेला गेली, नेपाळला गेली, पुन्हा एकदा जावाला गेली. बंक बेडच्या होस्टेलात, पंचविशीतल्या परदेशी पोरा-पोरींच्यात ही आमची आक्का खालच्या बंकवर, दोन खांबांच्या मध्ये दोरी बांधून त्यावर आपला परकर वाळत घालून. इंग्रजी असं म्हणाल तर 'रेडी, स्टेडी, गो' एवढंच पक्कं. बाकी सगळ्यांना ती 'पावणं' म्हणायची आणि मराठीत बोलायची, फक्त मोठ्यानं. तिच्या मते मोठ्यानं बोललेलं मराठी जगात कुठंही कळतं. गंमत म्हणजे कळायचंही.

सॅकमध्ये कपडे दोन जोड, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शिट्टी, स्टीलची एक छोटी ताटली, आणि उरलेली सगळी जागा खणांची. महाद्वार रोडवरच्या दुकानातनं ती खण आणायची, त्रिकोणी घड्या घालायची. तांदळाची पिशवी, हळकुंडं, सुपाऱ्या, नारळाच्या ऐवजी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. जुनी देवळं हुडकायची, त्यात कुठं देवीची मूर्ती आहे ते बघायचं, आणि ज्या देवीपुढं उदबत्तीसुद्धा नाही तिची ओटी भरायची. वस्तू तिथं ठेवून यायला पहारेकरी देत नाहीत, म्हणून ओटी भरून, हात जोडून, ती सगळं परत उचलायची आणि तिथं अंगण झाडणारी जी कोण बाई असेल तिला तो खण देऊन टाकायची. जगातल्या कुठल्या कुठल्या झाडणाऱ्या बायकांनी इरकली काठाचे ब्लाऊज शिवले असतील ते त्यांनाच ठाऊक.

ओटी भरून झाली की जिची भरली तिनं चार दाणे भरणारीच्या ताटात परत टाकायचे असतात. आता देवी दगडाची, ती कुठली टाकणार. तरी आक्का ताटली पुढं धरून जरा वेळ थांबायची. मग आपणच चार दाणे उचलायची आणि रुमालाच्या गाठीत बांधायची. तिनं हे मला सांगितलं होतं, पण ते थांबणं मी बघितलं ते कंबोडियात.

कंबोडियाला मी गेले ती नाइलाजानं. माझे गुडघे, माझी बीपीची गोळी, आणि मला देवळं बघायला आवडतात ती बाकावर बसून. पण अश्विनीनं माझ्या हाता-पाया पडून सांगितलं, "मावशी, ह्या खेपेला आईला एकटी सोडू नका, वय झालंय आता." अश्विनी लग्न होऊन हुपरीला चांदीच्या कामातल्या घरात गेली होती, आणि तिला दिवस गेले होते. पोटुशा पोरीला नाही कसं म्हणायचं? शिवाय आमचे हे म्हणाले, "जा, तेवढंच घर शांत." मग तर मी हट्टानं गेले.

बँकॉकला विमान बदलून आम्ही देवळांच्या त्या गावी उतरलो, तर तिथल्या कस्टमवाल्या पोरानं आक्काची सॅक उघडायला लावली. एकावर एक ब्लाऊजपीस निघायला लागले. तांदूळ निघाले, हळकुंडं निघाली. त्यानं हळकुंड नाकाला लावून बघितलं. त्याला वाटलं, म्हातारी कापडाचा धंदा करायला आली. तो विचारतोय, "बिझनेस? सेल?" आणि आक्का छातीवर हात ठेवून सांगतेय, "नो सेल, पावणं. ओन्ली ओटी." मी पुढं होऊन माझ्या इंग्रजीत समजावायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की मला ते सांगताच येत नाही. देवीला कापड आणि तांदूळ द्यायचे, मग परत घ्यायचे, मग झाडणारीला द्यायचे, याला इंग्रजीत काय म्हणणार? शेवटी त्या पोरानंच हात जोडले. तिकडं आपल्यासारखाच नमस्कार करतात.

सॅक परत भरताना मला तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवलेला एक खण दिसला. हिरवागार, रेशमी, भारीतला. "हा कुठल्या देवीचा?" मी विचारलं.

"त्याला हात लावू नगंस," आक्का म्हणाली. "तो अश्विनीचा. सातव्या महिन्यात ओटीभरण हाय तिचं. हितल्या सगळ्या देव्यांच्या पायाला लावून नेतो." मग पट्टा आवळत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिची ओटी मी भरणार हाय, नले. लगनात लांब हुबा ऱ्हायलो. हे न्हाय सोडत."

तेव्हा मला कळलं की ही बाई इतकी वर्षं देशोदेशी हिंडतेय ती कशासाठी. ती हात बसवत होती. आम्ही पोरींना स्टेजवर जायच्या आधी वर्गात दहादा भाषण म्हणायला लावतो, तसं.

त्या देवळांत दगडात कोरलेल्या बायका इतक्या आहेत की आक्का पहिल्या दिवशी हरखूनच गेली. भिंतीच्या प्रत्येक कोनाड्यात एक उभी, हातात फूल, कमरेला नेसू, ओठावर हसू. "नले, खण पुरायचं न्हाईत गं," म्हणाली. मग तिनं ठरवलं की ज्या बाईचा चेहरा पावसानं झिजून गेलाय तिला आधी. मी सावलीतला दगड बघून टेकायची आणि ती उन्हातनं चालायची. "चल, दम खायचा न्हाय," दर पंधरा मिनिटांनी. मी शिव्या घालत उठायची. एका देवळात एक दांडगा पर्यटक फोटोसाठी त्या कोरलेल्या बाईच्या छातीवर हात ठेवून दात काढत उभा राहिला. आक्कानं सॅकच्या कप्प्यातनं शिट्टी काढली आणि अशी फुंकली की सगळं देऊळ थांबलं. तो माणूस तर हात वर करून उभा राहिला, तिथला गणवेशातला पहारेकरीही आपोआप ताठ झाला. आक्का त्याला म्हणाली, "पावणं, बाईमाणूस हाय ती." त्याला ते समजलं असणार, कारण तो जवळजवळ पळालाच.

आणि मग ती मोठ्या देवळाच्या दारातली गोष्ट. आत शिरतानाच उजव्या अंगाला एक भलीमोठी मूर्ती उभी आहे. बाकीच्या मूर्ती उघड्या दगडाच्या, हिला मात्र भरजरी पिवळं वस्त्र गुंडाळलेलं, डोक्यावर छत्री, पुढं उदबत्त्यांचा धूर, फुलं, केळी. आणि हात आठ. आक्का दारातच थबकली. "नले, आंबाबाईच की गं," म्हणाली आणि मी माझ्याजवळच्या माहितीच्या पुस्तकाचं पान उघडेपर्यंत बूट काढून पुढं गेली. गुडघे टेकले, हळद-कुंकू वाहिलं, खण ठेवला, तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी, सगळं शिस्तीत. मी पान वाचलं आणि तिच्या कानाशी जाऊन कुजबुजले, "आक्का, हा विष्णू आहे."

तिनं मान वर करून बघितलं. "मिशा कुठं हायत?"

"मिशा नसल्या तरी विष्णूच. लिहिलंय हितं."

"पुरुषाची ओटी भरली व्हय मी?" आक्कानं मूर्तीकडं पुन्हा एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "जाऊंदे. लक्ष्मी हाय की त्याच्या घरात. दील तिला."

मला हसू आवरेना. पण माझं हसू अर्ध्यातच राहिलं, कारण मूर्तीच्या पायाशी बसलेल्या बाईनं वळून आमच्याकडं बघितलं. म्हातारी होती. अंगावर पांढरी स्वच्छ वस्त्रं, आणि डोकं वस्तऱ्यानं तासलेलं. आमच्या आज्यांच्या काळात असली बाई आडवी आली तर निघालेली माणसं पाणी पिऊन परत घरात बसायची. मी नकळत एक पाऊल मागं सरले, खोटं कशाला बोलू. आम्हाला देवळं फिरवून दाखवणाऱ्या रिक्षावाल्यानं सांगितलं की अशा पुष्कळ म्हाताऱ्या नवरा गेल्यावर देवळात येऊन राहतात. आणि लोक काय करत होते बघा. नवीन लग्न झालेलं एक जोडपं, नटलेलं, फोटोवाला मागं, तिच्यापुढं वाकून मनगटाला लाल दोरा बांधून घेत होतं. एका बाईनं तान्हं पोर तिच्या मांडीवर ठेवलं. ती त्याच्या टाळूवरनं हात फिरवत होती आणि आई शेजारी निर्धास्त बसली होती.

आक्का ते सगळं बघत होती. मी आक्काकडं बघत होते.

मग ती म्हातारी उठून आमच्याजवळ येऊन बसली. आक्कानं वाहिलेला खण तिनं उचलून बोटांनी चाचपला, आवडला तिला, बोळक्या तोंडानं हसली आणि मूर्तीच्या एका हातावर नेऊन टाकला. आक्का सवयीनं ताटली धरून थांबली होती. म्हातारीनं मूर्तीपुढच्या तांदळातनं चिमूटभर दाणे घेतले आणि त्या ताटलीत टाकले. तिच्या रिवाजात काय सांगितलंय मला ठाऊक नाही. मग तिनं फुलांच्या टोपलीतनं एक मिटलेलं कमळ आणि दोन केळी घेतली. आक्का त्या दिवशी सलवार-कमीजमध्ये होती. तिनं ओढणीचं टोक कधी पुढं धरलं ते तिलाही कळलं नसेल. म्हातारीनं कमळ आणि केळी त्यात ठेवली, मनगटाला लाल दोरा बांधला, आणि आक्काच्या गालावरनं हात फिरवला.

बाहेर आल्यावर आक्का पायरीवर बसली आणि रडली. पोरींची लांब उडी कधीच होऊन गेली होती. मी शेजारी बसले. ओढणीची गाठ तिनं सोडली नाही, होस्टेलवर जाईपर्यंत ती तशीच पोटाशी धरून चालली. तिथं केळं सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाली, "आता जमंल मला, नले. आता भरतो बघ लेकीची."

मला खरंच वाटलं जमेल.

हुपरीला मी तिच्याबरोबर गेले. घराच्या पुढच्या खोलीत पैंजणांचं काम चालतं, त्या दिवशी ते बंद ठेवलं होतं. तरी जमिनीवर चांदीच्या कड्या चमकत होत्या आणि बायका पदर सावरून त्या ओलांडत होत्या. अश्विनी झोपाळ्यावर बसली होती, हिरवी साडी, फुलांची वाडी, गालावर पोटुशीपणाची तकाकी. मी मनात अश्विनीच्या सासूशी भांडायची तयारी करून गेले होते. काय काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. पण ती बाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन सरळ आक्काकडं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या विहीणबाई. पैला मान तुमचा. आमच्यात आता त्ये जुनं काय धरत न्हाईत. लेक तुमची हाय, तुम्हीच भरायची."

कुणी 'तू?' म्हणालं नाही. अश्विनीनं पदर पुढं धरला आणि आईकडं बघून हसली.

आक्कानं ताट घेतलं. पिशवीतनं हिरवा खण काढला. झोपाळ्यापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली. मी मागंच होते, मला तिची पाठ दिसत होती. आयुष्यभर ताठ ठेवलेली पाठ. तिचा हात तांदळापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. सासू म्हणाली, "भरा की." अश्विनी म्हणाली, "आई, भर की गं." आक्कानं खण परत पिशवीत टाकला, ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "नले, तू भर. माझा हात कालपास्नं धरलाय." मग सगळ्यांना सांगत सुटली, संधिवात, औषध चालू हाय, कालपास्नं लई दुखतंय. कुणी खोटं पाडलं नाही.

मी भरली. घरातल्या खणानं भरली. अश्विनीनं माझ्या ताटात चार दाणे परत टाकले, पण ती बघत होती दाराकडं, कारण आक्का तोवर बाहेर कुणाच्या तरी पोरांना लंगडी शिकवायला लागली होती.

परतीच्या बसमध्ये मी तिला सोडलं नाही. मला राग आला होता आणि राग आला की माझं तोंड चालतं. "जगभर भरत हिंडलीस," मी म्हणलं, "विष्णूचीसुद्धा भरलीस. आणि हितं सगळी वाट बघत बसल्यात तर तुझा हात धरला?"

ती खिडकीतनं उसाकडं बघत होती. मग म्हणाली, "त्या देव्या दगडाच्या हायत, नले. त्यास्नी काय हुतंय? माझ्या हातानं त्यांचं वाईट हुयाचं असंल तर होऊन गेलंय कवाच. लेक माझी जित्ती हाय. पोटात जीव हाय. मला ठाव हाय काय हुत न्हाय म्हणून. पण उद्या काय झालं, तर मी कुठं जाऊ?"

मी म्हणलं, "मग मी भरते तुझी. तो खण दे हिकडं. आत्ता भरते, बसमध्ये."

तिनं पिशवी काखेत घट्ट धरली. "गप बस. तुझा नवरा हाय अजून."

"माझा नवरा असल्या गोष्टीनं मरणार असता तर माझ्या स्वयंपाकानं कधीच मेला असता."

ती हसली, पोटभर हसली, कंडक्टर वळून बघायला लागला. पण पिशवी सोडली नाही. मी नंतरही दोन-तीनदा प्रयत्न केला. दिवाळीला घरी आली तेव्हा ताट तयार ठेवलं होतं, तर चपला न काढताच परत फिरली. तिच्यावर जबरदस्ती करणारा माणूस अजून जन्मायचा होता.

अश्विनीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आक्का आठवड्याला हुपरीला जायची, नातीला पाळण्यातच 'एक साथ सावधान' म्हणायची, सगळं करायची. बारशाला मात्र पाळण्याजवळ आली नाही, जेवणाच्या पंगतीला वाढत राहिली. सॅक पुन्हा पाठीवर चढली नाही. "जाऊ की, पाय हायत तवर परदेश हायच," म्हणायची, पण तिकीट काढायची नाही. मी स्वतःहून म्हणलं, चल, मी येते, शिव्या देणार नाही. तर म्हणाली, "कशाला गं? तालीम करून तरी काय करायचं?" हे ती हसत बोलली. मला मात्र ते अजून बोचतं.

नातीचं चालणं सुरू झालं त्या सुमारास आक्काला ताप आला. साधाच वाटला. ती स्वतः चालत दवाखान्यात गेली, आणि तिथनं आली ती ॲम्ब्युलन्समधून. मी म्हणत होते डॉक्टरांना, ही बाई मैदानावरची आहे, हिला काही होत नाही. डॉक्टर मान हलवत होते. माणसानं करायचं ते सगळं केलं आणि काही उपयोग झाला नाही.

दारात तिला ठेवली होती. पांढऱ्या साडीत नव्हती, आम्ही तिची ती आवडती जांभळी नेसवली. मनगटावर तो लाल दोरा अजून होता, विटून मातकट झालेला. गल्ली सगळी भरली होती, शाळेतल्या जुन्या पोरी आल्या होत्या, आता त्यांचेच केस पिकलेले. पुरुष मंडळी घाई करत होती. अश्विनी घरात गेली ती बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी आत बघायला गेले. ती फळीवरची निळी सॅक काढून उपसत होती. तळातनं तिनं ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. मग स्वयंपाकघरातनं तांदूळ घेतले, आईची ती स्टीलची ताटली घेतली आणि बाहेर आली.

आक्काची थोरली जाऊ पायाशी बसली होती. अश्विनीच्या हातातला हिरवा खण बघून ती हळूच म्हणाली, "बाळ, सवाशिणीची भरत्यात. हिची न्हाई भरत. आणि तू सवाशीण हायस, पदरात लेकरू हाय. नगं."

अश्विनी रडत नव्हती. ती म्हणाली, "आता काय हुतंय तिला, काकी."

बसमधलं 'त्यास्नी काय हुतंय' हे आक्काचं बोलणं मी अश्विनीला कधीच सांगितलं नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

काकी मागं सरकली. अश्विनी वाकली. आईच्या जांभळ्या पदराचं टोक तिनं सारखं केलं, त्यात हिरवा खण ठेवला, तांदूळ घातले, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, सगळं शिस्तीत. कुंकू लावलं. पुरुषांपैकी कुणीतरी "चला आता" म्हणालं, आणि आमच्या बायकांच्यात कुणीतरी त्याला हातानंच थांबवलं.

ओटी भरून झाली होती. ताटली पुढं धरून अश्विनी तशीच वाकून थांबली. तिला 'हो बाजूला' म्हणायला आमच्यातली एकही पुढं झाली नाही.